तेरा डिग्रीचा फोटो

गेल्या नोव्हेंबरात त्रिपुरारी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात एका सकाळी सव्वासहाला मी आमच्या गोठ्यातल्या थर्मामीटरचा फोटो काढला, सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, ग्रुपवर टाकला, खाली '१३!!' एवढंच लिहिलं आणि बस पकडायला पळालो. माझा गुन्हा एवढाच. संध्याकाळी परत येईपर्यंत तोच फोटो मला फोंड्याहून, म्हापशाहून आणि एकदा थेट पुण्याहून परत आला होता, आणि आता त्याखाली लिहिलं होतं, 'गोव्यात नोव्हेंबरचा सर्वकालीन रेकॉर्ड मोडला, सत्तरीत १३ डिग्री'. रेकॉर्ड हा शब्द माझा नव्हता, पण फोटो माझा आणि थर्मामीटरही आमचाच, त्यामुळे मला जरा लाजल्यासारखं झालं. म्हटलं, आता हे खरं की खोटं ते तरी बघू. त्या तपासाची ही कहाणी. लांबलीय थोडी.

आधी थंडी पडलेली खरी, त्यात वाद नाही. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, आम्ही अंगणात शर्टावर बसलो होतो. पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत होड्या सोडतात ते बघायला गेलो तेव्हाही रात्री उशिरापर्यंत स्वेटर लागला नाही. आणि मग चारच दिवसांत बदललंच सगळं. सकाळी म्हादईच्या बाजूला नुसता पांढरा पट्टा दिसायचा, खोबरेल तेलाची बाटली गोठायची, बायको अंघोळीचं पाणी दोनदा तापवायची. शेजारच्या काकांनी वायंगणासाठी, म्हणजे उन्हाळी शेतीसाठी, भात भिजत घातलेलं, नेहमीप्रमाणे गोणपाटात बांधून वर पेंढा टाकून कोपऱ्यात ठेवलेलं, तर त्याला मोड यायला नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त लागले. काकांनी रागाने बियाणंवाल्याला फोन केला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, भाताला मोड यायला ऊब लागते, आणि रात्री थंड पडल्या की गोणपाटाच्या आतही ती टिकत नाही.

तर वहीतले आकडे. आमच्याकडे वही आहे, हे आधी सांगायला हवं होतं. वीसेक वर्षांपूर्वी बाबांनी एक कमाल-किमान थर्मामीटर आणला, ती यू आकाराची नळी असते बघा, मधे पारा आणि दोन्ही बाजूंना छोट्या काड्या, पारा काडीला ढकलून नेतो आणि तिथेच सोडतो, म्हणून रात्रीचं सर्वात कमी आणि दिवसाचं सर्वात जास्त दोन्ही कळतं, मग लोहचुंबकाने काड्या खाली आणायच्या की दुसऱ्या दिवसासाठी तयार. जेम्स सिक्स नावाच्या इंग्रजाने १७८० च्या सुमाराला काढलेली युक्ती, अजून चालते. बाबा रोज साडेआठला चहा झाला की वाचायचे आणि शाळेच्या दोनरेघी वहीत लिहायचे. ते गेल्यावर मी लिहितो, त्यांच्यासारखं रोज नाही, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी तरी चुकवत नाही.

त्या आठवड्याचं पान असं आहे: १६, १४.५, १३.५, १३, १३.५, १४, १४.५, आणि आठव्या सकाळी एकदम १७.५ कारण ढग आले. १३ ला मी लाल पेनाने गोल केलाय. तो गोल आता बघवत नाही.

पहिली शंका मला पणजीच्या आकड्यांवरून आली. पणजीची वेधशाळा आल्तिनोवर, टेकडीवर, खाली मांडवी आणि पलीकडे समुद्र, आणि तिचा नोव्हेंबरचा सरासरी किमान आकडा २२ च्या आसपास असतो. आमचा वाडा सत्तरीत, घाटाच्या पायथ्याशी, खोलगट जागेत, बाजूला कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आणि झर. रात्री जड थंड हवा डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि असल्या खोलग्यात येऊन साचते. वाळपईहून रात्री बाईकवर येताना चढ संपून उतार लागला की गुडघ्यांना अचानक गार झोत लागतो ना, तीच ही हवा. समुद्राजवळ तसं होत नाही, पाणी रात्रभर ऊब सोडत असतं. म्हणजे आमच्याकडे १५ झालं तर पणजीत १५ झालंच पाहिजे असं नाही, आणि पणजीच्या यादीत आमचा आकडा घुसडून 'रेकॉर्ड मोडला' म्हणणं म्हणजे चोर्ला घाटातल्या धुक्याचा फोटो मिरामारच्या किनाऱ्याचा म्हणून लावणं.

इंग्लंडचं एक उदाहरण मला इथे आठवलं, कारण आमच्या गावचा एकजण स्विंडनला असतो (आमच्या प्रत्येक गावचा एकजण स्विंडनला असतो) आणि २०१० च्या नोव्हेंबरात तो रोज बर्फाचे फोटो पाठवायचा. तेव्हा २८ नोव्हेंबरला वेल्समधल्या लिसडिनम नावाच्या जागी उणे १८ झालं होतं. तो वेल्सचा नोव्हेंबरचा रेकॉर्ड झाला, पण अख्ख्या ब्रिटनचा नाही, तो स्कॉटलंडमधल्या ब्रेमारचा, उणे २३.३, १४ नोव्हेंबर १९१९. आणि त्याच लाटेचा पुढचा डिसेंबर मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या मालिकेत उणे ०.७ सरासरीचा निघाला, १८९० नंतरचा सर्वात थंड डिसेंबर, १८९० चा उणे ०.८ होता. एकच थंडी, पण कुठल्या यादीत ठेवता त्यावर ती पहिली, दुसरी किंवा कितवी तरी ठरते. त्यांना एवढं ठासून बोलता येतं कारण त्यांची ती मालिका १६५९ पासूनची आहे आणि थर्मामीटर बदलले, जागा बदलल्या, त्याचा हिशोब त्यांनी लावून ठेवलाय. आमच्याकडे बाबांची दोनरेघी वही. पण हिशोब लावायला वही छोटी असली म्हणून काय झालं.

मग मी थर्मामीटरलाच धरलं. यू नळीत दोन्ही बाजूंचा पारा आत्ताचं तापमान दाखवतो आणि दोन्हीकडे आकडा सारखा यायला हवा, ही साधी गोष्ट, पण मी कित्येक महिने फक्त काडीकडे बघत होतो. एका दुपारी चष्मा लावून नीट बघितलं तर उजवीकडे २९ आणि डावीकडे, म्हणजे किमानाच्या बाजूला, २८. टॉर्च मारून जवळून पाहिलं तर डाव्या नळीत पाऱ्याची दांडी एका जागी तुटलेली, मधे केसाएवढी फट. किमानाच्या बाजूचे आकडे उलटे असतात, पारा जितका वर तितकी थंडी, त्यामुळे त्या फटीने पारा वर उचलला गेला आणि आकडा एक डिग्री कमी दिसायला लागला. हे कधी झालं तेही मला माहीत होतं, कारण मीच केलं होतं. मे महिन्यात गोठ्याचं छप्पर बदललं तेव्हा पाटी काढून दोन दिवस आडवी ठेवली होती सिमेंटच्या पोत्यावर. तोपर्यंतच्या पानांवर मी कधीकधी दोन्ही बाजू लिहिल्यात, त्या जुळतात.

खात्री म्हणून ओळखीच्या एका शाळामास्तरांकडून प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर आणला. बर्फ कुटून भांड्यात घातला, थोडं पाणी टाकून लापशीसारखा केला आणि त्यात तो ढवळत ठेवला, पाच मिनिटांनी बरोबर शून्यावर उभा राहिला. आता याच्यावर विश्वास ठेवता येईल. दोघांना शेजारी टांगून तीन दिवस बघितलं, आमचा डाव्या बाजूने सरळ एक डिग्री खाली. म्हणजे १३ चे झाले १४.

आणि छप्पर. बाबांच्या काळात गोठ्यावर मंगळुरी कौलं होती. माकडांनी पार वाट लावली म्हणून मे महिन्यात पत्रे घातले, खर्च कमी, गळती नाही, सगळं छान. पण थर्मामीटर त्या पत्र्याखाली हातभर अंतरावर. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून कौलापेक्षा कितीतरी लवकर गार होतो, पहाटे हात लावला तर बर्फासारखा लागतो आणि त्याच्या खालून दंवाचे थेंब टपकतात, म्हशीच्या पाठीवर पडतात आणि ती दचकते. त्याच्याखाली टांगलेली नळी गावची हवा मोजते की पत्र्याची? वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या फटीफटीच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्या गवतावर ठेवतात ते काही शोभेसाठी नाही.

मग मास्तरांचा थर्मामीटर घराच्या उत्तरेच्या पडवीत, कौलाखाली छातीच्या उंचीवर टांगला आणि गजर लावून रोज पहाटे साडेपाच ते सव्वासहा दोन्ही वाचले, दहा दिवस. बायकोचं मत या प्रयोगाबद्दल चांगलं नाही. निकाल मात्र सुंदर आला. ढग असलेल्या दोन रात्री, एक डिग्रीचा दोष वजा केल्यावर, दोघे सारखेच. चांदण्या लखलखत होत्या त्या रात्री पत्र्याखालचा आणखी अर्धा डिग्री, कधी थोडा जास्तच खाली. थंडीच्या त्या आठवड्यात आकाश स्वच्छ होतंच, म्हणजे त्या सकाळींना अजून अर्धा वाढवायचा. १३ चे १४ झाले होते, आता साडेचौदा.

तिसरी गोष्ट शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तीच मला सगळ्यात आवडली. त्या पानावर चौथ्या सकाळी १३ आणि पाचव्या सकाळी १३.५ आहे. पण पाचव्या सकाळच्या शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'थोडे ढग, दंव नाही'. आणि बायकोला आठवतं की त्या रात्री तिने गोधडी पायाशी सारली होती. ढगाळ रात्र, दंव नाही, गोधडी नको, आणि तरी १३.५?

तर झालं असं. बाबा वाचायचे साडेआठला, वेधशाळाही किमान साडेआठलाच घेते. मी वाचतो सव्वासहाला कारण पिसुर्लेच्या बाजूला कंपनीत शिफ्ट असते आणि बस थांबत नाही. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो साडेसहानंतर, आणि रात्रीची सर्वात गार वेळ साधारण उजाडण्याच्या आसपास. म्हणजे मी चुंबकाने काडी खाली आणतो नेमकी तेव्हा, जेव्हा हवा अजून १३.५ च्याच जवळ आहे. काडी तिथूनच सुरुवात करते. पुढची रात्र कितीही उबदार गेली तरी दुसऱ्या सकाळी काडी तोच १३.५ दाखवणार, कारण तिच्या हिशेबात तो आकडा 'आज'मधेच आला. एकच गारठा दोन दिवसांच्या नावावर. बाबा साडेआठला वाचायचे तोवर ऊन वर आलेलं असायचं, हवा चार-पाच डिग्री तापलेली, त्यांची काडी वरून सुरू व्हायची आणि असा घोटाळा व्हायचा नाही. मला वाटायचं ते चहासाठी थांबायचे.

पाचव्या सकाळचा आकडा मग मी खोडला. दुरुस्त करून नवा लिहिला नाही, कारण त्या रात्री खरं किती झालं ते काडीने धरलंच नाही. नुसती रेघ मारली.

आता उरलेले आकडे दीड डिग्रीने वाढवून वाचा: साडेसतरा, सोळा, पंधरा, साडेचौदा, रेघ, साडेपंधरा, सोळा आणि मग ढग. आणि हे बाबांच्या कौलाखालच्या, साडेआठच्या आकड्यांशेजारी ठेवा. वहीत नोव्हेंबरातली सर्वात थंड सकाळ १४ ची, बाबांच्या हातची. दुसरी साडेचौदाची, माझ्या हातची, कौलं असतानाची. म्हणजे ही लाल गोलाची सकाळ आमच्याच वहीत दुसऱ्या नंबरच्या बरोबरीला. गोव्याचा सर्वकालीन रेकॉर्ड लांब राहिला, आमच्या गोठ्याचाही झाला नाही.

पण 'काहीच नव्हतं' असंही नाही बरं का, हे मी मुद्दाम सांगतो कारण ग्रुपवरचा एक भाऊ लगेच म्हणाला की सगळा मीडियाचा खेळ. सलग सहा सकाळींत पाच सकाळी १६ किंवा खाली, असं वहीत दुसऱ्या कुठल्याच नोव्हेंबरात नाही, जास्तीत जास्त तीन आहेत. काकांच्या भाताला एका रात्रीने काही झालं नसतं, पाठोपाठच्या रात्रींनी झालं. एका रात्रीचा नीचांक फोटोत मावतो म्हणून तो फिरतो, सहातल्या पाच सकाळी फोटोत कशा मावणार.

आणि दिवसा काय होतं माहितेय? उजव्या बाजूला त्याच आठवड्यात ३३, ३३.५, एकदा ३४. नोव्हेंबर तसा गोव्यात दुपारी तापतोच, पाऊस गेलेला, आकाश मोकळं, पणजीचं या महिन्याचं कमालही ३३ च्या घरात असतं, पावसाळ्यापेक्षा बरंच जास्त. पहाटे साडेचौदा आणि दुपारी साडेतेहतीस, १९ डिग्रीचा झोका एका दिवसात. लोकांना जी थंडी लागली ती निम्मी या झोक्याची होती असं माझं मत आहे, दुपारी घाम पुसणाऱ्या अंगाला पहाटे कांबळं पुरत नाही.

दोन्हीचं मूळ एकच, कोरडी हवा. त्या दिवसांत वारा घाटावरून, पूर्वेकडून येत होता, ओठ फुटायला लागले तेव्हाच कळायला हवं होतं. हवेत बाष्प असलं की रात्री जमिनीची ऊब ते अडवतं, आणि दंव पडायला लागलं की बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, त्याने तापमानाची घसरण मंदावते. हवा कोरडी असेल तर दंव उशिरा पडतं आणि तोवर पारा आणखी दोन पायऱ्या उतरलेला असतो. उलट बाजूचं पानही वहीत आहे, नोव्हेंबर २००९, फयान वादळ किनाऱ्याजवळून वर गेलं आणि ११ तारखेला महाराष्ट्रात जमिनीवर आलं, त्या दिवसांत आमच्याकडे किमान २३ च्या खाली उतरलंच नाही, ढगांचं पांघरूण होतं.

मग याला थंडीची लाट म्हणायचं का? एका बातमीत म्हटलं होतं. हवामान खात्याचा नियम असा की मैदानी भागात किमान १० किंवा खाली जायला हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीने तरी कमी हवं, किनारी ठिकाणांना सूट आहे, तिथे १५ किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचारने कमी. आता पणजीची नोव्हेंबरची सरासरी २२ धरा, साडेचार कमी म्हणजे साडेसतरा, तेवढ्यावर भागत नाही, १५ पर्यंत म्हणजे सात डिग्री खाली जावं लागेल. पणजीकरांनी साडेसतराला कितीही कुडकुडून घेतलं तरी नियमाने ती लाट नव्हे. मुंबईचा नोव्हेंबरचा जुना नीचांक १३.३ आहे, १९ नोव्हेंबर १९५० चा, आणि पुण्याचा ४.६, ३० नोव्हेंबर १९६४ चा. पुण्याहून फोटो परत पाठवणाऱ्या भावजींना मी हा ४.६ कळवला, त्यांनी उत्तर दिलं नाही.

आजीचं राहिलं. आजी नव्वदीच्या पुढे आहे, तिला १३ चं कौतुक नव्हतं. म्हणाली, "पाखले गेले त्या वर्सा असलें हींव आशिल्लें, हें कितें!" पाखले म्हणजे पोर्तुगीज, ते गेले १९ डिसेंबर १९६१ ला. म्हाताऱ्या माणसांचं 'आमच्या वेळी' मी सहसा कानाआड करतो, पण तपास करायचाच तर साक्षीदार सगळे घ्यावेत म्हणून विचारलं, नक्की कधी गं? तिला तारीख कुठली आठवणार, पण तिने खुणा दिल्या. धालो, म्हणजे बायकांची रात्रीची नाचगाणी, चालू होते नाहीतर नुकते संपले होते, मांडावर बायका कांबळी घेऊन बसायच्या. थोरल्या काकाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, त्याच्या पाळण्याखाली रात्रभर निखाऱ्यांचं घमेलं ठेवावं लागलं. आणि त्यानंतर काही दिवसांतच अष्टग्रही, आठ ग्रह एका राशीत आले, जग बुडणार म्हणून लोक देवळात जाऊन बसले होते.

अष्टग्रही झाली १९६२ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला. धालो पौषातले. म्हणजे आजीची थंडी बसते जानेवारी १९६२ च्या मधल्या-शेवटच्या दिवसांत. आणि मुंबईचा आजवरचा सर्वात कमी आकडा, ७.४, तो आहे २२ जानेवारी १९६२ चा. वाचताना मी खुर्चीतून उठलोच. मुंबईचं तापमान म्हणजे सत्तरीचं नव्हे, ते मी वर एवढं कंठशोष करून सांगितलंय, पण निखाऱ्यांच्या घमेल्याला त्या आठवड्यात मुंबईत सोबत होती एवढं तरी म्हणता येतं. फक्त ती थंडी पौषातली आणि आपली ही कार्तिकातली, त्यामुळे आजीचा निकालही आमच्या खटल्याला लागू होत नाही. तिला हे सांगितलं तर म्हणाली, हींव तें हींव.

थर्मामीटर आता पडवीत आहे. पाऱ्याची फट मास्तरांनी सांगितलं तसं पाटी उभी धरून हातावर हळूहळू आपटून मिटवली, अर्धा तास गेला, दोन्ही बाजू पुन्हा जुळल्या. साडेआठचं वाचन बायकोने घेतलंय, ती शेरे माझ्यापेक्षा चांगले लिहिते, परवाच्या पानावर आहे, '१९, काजूला मोहोर, कपडे वाळले नाहीत'.

ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली, बरीच मोठी, तुटलेल्या पाऱ्याच्या फोटोसकट. दोन अंगठे आले, एक काकांचा, एक माझ्याच बायकोचा. आणि गेल्या आठवड्यात, जरा कुठे गार वारा सुटला तर, फोंड्याच्या मामांकडून तोच १३ चा फोटो पुन्हा आला, माझी '१३!!' ची ओळ तशीच, वर लिहिलेलं, 'यंदाही सुरुवात झाली'.